नाव मोठं, चव मिडियम

मेन्यू कार्डावरच्या पदार्थाचं नाव जितकं लांब, तितकी त्याची चव बेताची, हा नियम मी बाहेरच्या जेवणातून काढला आहे आणि तो सहसा चुकत नाही. चहा, वडा, इडली, डाळ, रोटी ही दोन-तीन अक्षरांची मंडळी क्वचितच दगा देतात. नावात तिसरा शब्द आला की सावध व्हावं. चौथा आला की पाकीट चाचपावं. आणि ‘व्हेज शाही दिलबहार स्पेशल’ असं काही दिसलं, तर आधी ते शेजारच्या टेबलावर येऊ द्यावं, त्यांचे चेहरे बघावेत आणि मग काय ते ठरवावं.

नियम सापडून उपयोग मात्र होत नाही, कारण हॉटेलात आपण एकटे जात नाही. रविवारी संध्याकाळी ‘आज स्वयंपाक नको’ असा ठराव घरात आवाजी मतदानाने मंजूर होतो, मेहुणी आणि साडूभाऊ भाच्याला घेऊन येतात, आणि सात माणसांचं लटांबर पुण्याच्या उपनगरातल्या एखाद्या ‘फॅमिली रेस्टॉरंट’च्या दारात उभं राहतं.

त्या पाटीवर खाली जरा लहान अक्षरांत ‘परमिट रूम’ असंही लिहिलेलं असतं. मुंबई प्रांतात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. पुढे बंदी सैल पडली, पण पिणाऱ्याने परवाना बाळगायचा, ही अट राहिली. कायदा अजून आहे, पाटी अजून आहे, परवाना मात्र टेबलावर कोणी मागितल्याचं ऐकिवात नाही. इमारत एक, दरवाजे दोन. उजवीकडून कुटुंब आत जातं, डावीकडून कुटुंबप्रमुख. आमचे साडूभाऊ शिस्तीत उजव्या दाराने येतात, पण खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांच्या मोबाइलची रेंज जाते. ती शोधायला ते बाहेर पडतात आणि बऱ्याच वेळाने बडीशेप चघळत परततात. डाव्या दाराआड रेंज फार उत्तम मिळते, हे मेहुणीलाही आता पाठ झालं आहे.

जागा लगेच मिळण्याचा प्रश्नच नसतो. दारात वही घेऊन एक गृहस्थ उभे असतात. ‘किती जण?’ असं ते विचारतात आणि ‘सात’ म्हटलं की त्यांचा चेहरा असा होतो, जणू आपण लग्नासाठी हॉल मागितला. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून काचेतून आतल्यांवर पाळत ठेवायची. हे काम बायकोकडे. ‘कोपऱ्यातल्यांचं आइस्क्रीम आलं. खिडकीतल्यांचं बिल आलं बहुतेक. छे, फिंगर बाऊल आहेत. अहो, त्यांनी परत मेन्यू कार्ड मागवलं!’ जेवण संपल्यावरही गप्पा छाटत बसलेल्या माणसांविषयी बाहेरच्यांच्या मनात जे येतं, ते कौटुंबिक लेखात लिहिता येत नाही. अर्थात आपण आत गेलो की आपणही बडीशेप दोनदा मागवून तिथेच ठाण मांडतो.

अखेर दोन टेबलं जोडून आमची सोय होते. या दोन टेबलांची उंची कधीच सारखी नसते. जोडावर ज्याची वर्णी लागते, त्याचं ताट एका बाजूला कललेलं राहतं आणि रस्सा उताराकडे धावतो. ही जागा घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला मिळते. म्हणून ती मला मिळते.

मग पोरगेलासा वेटर येतो. ‘बिसलेरी या सादा?’ हा पहिला पेच. या प्रश्नाचा सूर असा असतो की ‘साधं’ म्हणताना माणसाने खालीच बघावं. बायको तोंड उघडते आणि पुण्याची खास हिंदी टेबलावर अवतरते : ‘भैया, सादाच लाओ, पर दो गिलास बिना थंडा. इनका घसा बैठा है.’ पोरगा मान डोलावतो. त्याची हिंदीही काही लखनौची नसते, पण त्या गडबडीत हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता मेन्यू कार्ड. ते लॅमिनेट केलेलं असतं, त्यावर मागच्या गिऱ्हाइकाच्या चटणीची सही असते, आणि आत सूपपासून फालुद्यापर्यंत दोनएकशे पदार्थ. भाचा चित्रं बघून निवडतो, मुलगी उजव्या बाजूचे आकडे बघून, मेहुणी शेजारच्या टेबलावर बघून. आई कार्ड मिटून ठेवते आणि म्हणते, ‘मला वेगळं काही नको. तुमच्यातलंच थोडं घेईन.’ मराठी घरात या वाक्याचा हिशेब ज्याला कळतो, तो मुकाट्याने एक भाजी वाढवून सांगतो.

या दोनशे पदार्थांचं गुपित आत, गॅसवर असतं. अशा बहुतेक हॉटेलांत सेवेची वेळ होण्याआधीच चार मोठी पातेली तयार असतात. कांदा-टोमॅटो परतून केलेली तपकिरी ग्रेव्ही, टोमॅटो-काजू-लोण्याची लाल, उकडलेला कांदा, काजू आणि मगजबी वाटून केलेली पांढरी आणि पालकाची हिरवी. पुढचं सगळं हातचलाखीचं काम. लाल ग्रेव्हीत पनीरचे चौकोन सोडले की पनीर बटर मसाला. पनीर लांबट कापून वर ढोबळी मिरची घातली की कढाई. किसलं की भुर्जी. तपकिरीत मिश्र भाज्या घालून वर दोन सुक्या मिरच्या ठेवल्या की व्हेज कोल्हापुरी. मिरच्या उचलून तळलेल्या पापडाचे तुकडे पसरले की तीच व्हेज जयपुरी. कोल्हापूर ते जयपूर हे अंतर एका पापडाचं आहे, हे रेल्वेला अजून कळलेलं नाही. आमचा एक कोल्हापूरचा पाहुणा व्हेज कोल्हापुरीकडे नेहमी दूरच्या, ओळख नसलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसा बघतो. त्याच्या गावात तांबडा आहे, पांढरा आहे, मिसळ आहे. ही बाई कोण, हे तिथे कोणी सांगू शकत नाही.

यात हॉटेलवाल्याला बोल लावण्यासारखं काही नाही. रविवारच्या रात्री भरलेल्या हॉलमध्ये प्रत्येक टेबलावर पंधरा-वीस मिनिटांत वाफाळती भाजी पोचवायची, तर प्रत्येक भाजीला वेगळं वाटण घालत बसणं कोणत्याही आचाऱ्याला परवडणार नाही. दोनशे नावं आपल्याला हवी असतात. चार पातेली त्याला पुरतात.

एवढंच की नावांची प्रतिष्ठा मोठी असते. बटर चिकन आणि दाल मखनी नेमकी कोणाची, यावरून २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीला आलेल्या मंडळींनी दर्यागंजमध्ये मोती महल सुरू केलं, तिथपासूनचा हा वाद. मंचुरियनच्या बाबतीत सहसा नेल्सन वांग यांचं नाव घेतात. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात १९७५ साली त्यांनी ते पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. तेव्हा त्यात चिकन होतं. आमच्या शाकाहारी हॉटेलापर्यंत येता येता त्याचा कोबी झाला. व्हेज दिलबहार आपल्या आजोबांनी शोधली, असं म्हणत मात्र अजून कोणीही कोर्टाची पायरी चढलेलं नाही. यातच सगळं आलं.

ऑर्डर घ्यायला कॅप्टन येतो. वेटर आणि कॅप्टन यांच्यातला फरक काळ्या जाकिटाचा. ‘स्पायसी की मिडियम?’ असं तो विचारतो आणि टेबलावर फूट पडते. साडूभाऊंना झणझणीत हवं असतं, भाच्याला गोड, बायकोला ‘तिखट चालेल, पण बाधायला नको’. शेवटी मिडियमवर तह होतो. मिडियम कोणालाच आवडत नाही, म्हणूनच त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. कॅप्टन हे लिहून घेतल्यासारखं करतो. मी जोडावर बसलेलो असल्याने मला त्याचा कागद दिसतो. त्यावर तसलं काही लिहिलेलं नसतं.

पहिला मान मसाला पापडाचा आणि तो निर्विवाद यशस्वी. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, तिखट-मीठ, लिंबू : लपवायला जागाच नाही. मग ‘तीन मंचाव, वन बाय टू’. शाळेत दोन अर्ध्यांचा एक होत असे, इथे दोन अर्ध्यांचा जवळपास दीड होतो. या गणितामुळे सूप हा मध्यमवर्गाचा सर्वांत लाडका पदार्थ आहे. त्यात तळलेल्या शेवया टाकून मुलं खूश, आणि ‘सर्दीला बरं असतं’ म्हणून आईही खूश. इथपर्यंत हॉटेलला पैकीच्या पैकी गुण.

घसरण सुरू झाली ती स्टार्टरपासून. जेवणाची सुरुवात म्हणून मागवलेलं पनीर चिली ड्राय भाज्यांच्या बरोबरीने आलं. ‘ड्राय’ मागवलं होतं, आलं ते पोहत. पाठोपाठ भाच्याच्या हट्टापायी सांगितलेली ‘व्हेज तुफानी शाही हंडी’ आली. नावात चार शब्द. तांब्याचं बूड, पितळी कान, वर झाकण. वेटरने झाकण असं काही उचललं की आम्ही सातही जण पुढे झुकलो. आत तपकिरी ग्रेव्ही होती. शेजारच्या वाडग्यातल्या व्हेज जयपुरीकडे बघून ती ओळखीचं हसली असावी. मुलीने लगेच परीक्षा घेतली. ‘बाबा, डोळे मिटा. हा घास कुठल्या भाजीचा?’ मी जयपुरी बरोबर ओळखली. पापड कुरकुरला म्हणून. पापड मऊ पडल्यावरच्या फेरीत कोणालाच काही ओळखता आलं नाही आणि साडूभाऊंनी तर पनीर चिलीलाही हंडी म्हटलं. अर्थात त्यांना नुकतीच रेंज मिळालेली होती.

पनीर बटर मसाला चवीला बरा होता. पण त्यात माणसांपेक्षा पनीर कमी, त्यामुळे वाढण्याचं काम मेहुणीने हातात घेतलं आणि रेशनिंगच्या काळातल्या काटेकोरपणाने पार पाडलं. ‘पाव किलो पनीर केवढ्याला येतं गं?’ आईने भाबडेपणाने विचारलं. हा प्रश्न हॉटेलात विचारू नये असं तिला वारंवार सांगितलेलं आहे. उत्तर सगळ्यांना येतं, म्हणूनच कोणी देत नाही.

यानंतर रोटी आणि भाजी यांचा जुना शर्यतीचा खेळ. ‘आधी चारच रोट्या आणा, मग सांगतो’ हे प्रत्येक शहाण्या कुटुंबाचं धोरण, कारण तंदुरी रोटी गरम असते तोवर रोटी आणि गार झाली की वहाण. पण तंदूर एक आणि टेबलं ढीगभर. चार रोट्यांचे चतकोर होऊन त्या संपतात. पुढच्या येईपर्यंत मुलं नुसती भाजी संपवतात. रोट्या येतात तेव्हा भाजी नसते, म्हणून अर्धी भाजी आणखी सांगायची. अर्धी भाजी मिळत नाही, म्हणून पूर्ण. ती येते तेव्हा रोट्या संपलेल्या असतात. दोन्ही एकाच वेळी संपवून उठलेलं कुटुंब माझ्या पाहण्यात नाही. हॉटेलचा नफा ग्रेव्हीपेक्षा या वेळापत्रकावर चालत असावा.

अशाच एका रोटीच्या प्रतीक्षेत साडूभाऊंना तिखटाची आठवण झाली. ‘भैया, कुछ झणझणीत मिलेगा क्या?’ पोरगा शेझवान चटणी म्हणाला, रेड चिली सॉस म्हणाला. आई इतका वेळ गप्प होती. तिने त्याला जवळ बोलावलं आणि सरळ मराठीत विचारलं, ‘बाळा, तुम्ही लोक काय जेवता रे इथे?’

पोरगा चपापला. मग अगदी हळू म्हणाला, ‘वरण-भात असतोय, आज्जी. अन् ठेचा.’

‘गाव कुठलं तुझं?’

‘परभणीकडचा हाय.’

टेबलावर दोन क्षण शांतता पसरली. आपण आणि तो मिळून दीड तास कोणाच्या भल्यासाठी हिंदी बोलत होतो, याचा विचार प्रत्येक जण करत होता. बायको सर्वांत आधी सावरली. ‘मग आधी नाही का सांगायचं?’ असं तिने त्यालाच सुनावलं.

‘आणतोस का थोडा ठेचा? कोण करतं?’ आईचा तपास चालूच होता.

‘भाजी निवडणाऱ्या मावशी करतात. पण ते मेन्यूत नाही, आज्जी.’

‘म्हणून तर मागतेय.’

वाटीभर ठेचा आला. हिरव्या मिरच्या, लसूण, जाडसर दाणे, मीठ. लोखंडी तव्यावर भाजून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडलेला. पहिल्या घासाला साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला त्यांची नशा उतरली आणि तिसऱ्याला ते मेहुणीला ‘तू घे ना’ म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांनी स्वतःच्या ताटातलं काही तिला देऊ केलेलं आमच्या ऐकिवात नव्हतं. गार रोटीची वहाण त्या ठेच्याबरोबर पुन्हा रोटी झाली. भाच्याने हंडीला हातही लावला नाही.

त्यापाठोपाठ डाळ तडका आणि जिरा राइस आले. हे दोघे नेहमी शेवटी येतात, पोटात जागा उरत नाही तेव्हा, आणि बहुतेक वेळा सर्वांत चांगले तेच असतात. कारण साधं आहे. डाळ प्रत्येक टेबल मागवतं, पातेलं सतत रिकामं होतं, नवी डाळ शिजत राहते, आणि वरची फोडणी आयत्या वेळची असते. खपतं ते ताजं असतं. तुफानी शाही हंडीचं गिऱ्हाईक आमच्या भाच्यासारखं एखादंच.

यावर उपाय म्हणून पूर्वीच्या शहाण्या लोकांनी निवडच काढून टाकली होती. मुंबईत माटुंगा स्टेशनजवळ रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेलं उडुपी बोर्डिंग आजही लोक शोधत जातात. केळीचं पान मांडलं जातं आणि त्या दिवशी केलेलं वाढलं जातं. स्पायसी की मिडियम असं कोणी विचारत नाही. मी एकदा घरी सुचवलं की आपणही अशाच थाळीच्या ठिकाणी जात जाऊ. ‘मग तिथे बसून बोलायचं काय?’ असं बायको म्हणाली, आणि तिचं खरं होतं. मेन्यू कार्ड नसेल तर आमच्या कुटुंबाला पंचवीस मिनिटं पुरेल असा दुसरा विषय नाही.

जेवण संपताना मॅनेजर टेबलाशी आले. ‘कसं होतं, काका?’ ‘छान! मस्त!’ आम्ही एका सुरात म्हणालो. मराठी माणूस तक्रार टेबलावर करत नाही. ती तो पार्किंगमध्ये करतो, स्कूटरला किल्ली लावताना, सविस्तर.

बिल आलं. साडूभाऊंनी चष्मा चढवला. बिलात सेवा शुल्क आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली, हॉटेलवाले कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. हे सगळं साडूभाऊंनी वेटरला तारखांसकट ऐकवलं. त्या बिलात सेवा शुल्क नव्हतंच. होता तो पाच टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. पण तयारी करून आलेला माणूस भाषण वाया घालवत नाही. त्याच्या शेवटी त्यांना एक ओळ सापडली : ‘एक्स्ट्रा चटणी – ४०’. मावशींचा ठेचा कारभारात दाखल झाला होता.

बिल कोणी द्यायचं, यावरची झटापट आता पूर्वीसारखी रंगत नाही. तेव्हा पाकिटं बाहेर यायची, हात धरले जायचे, ‘तुम्हाला आमची शपथ’ व्हायचं. आता समोर क्यूआर कोड असतो आणि ज्याचा फोन आधी उघडतो तो हरतो. साडूभाऊंनी पुन्हा एकदा रेंज नसल्याचं सांगितलं. मी पिन टाकला. टिप मात्र रोख द्यावी, या मताचा मी आहे. आईने तिच्या बटव्यातून वेगळी नोट काढून पोरगा ताटल्या उचलताना त्याच्या हातात दाबली आणि ‘मावशींना सांग, मीठ अगदी बेतशीर होतं’ असा निरोप दिला.

पार्किंगमध्ये निकाल लागला. पापड, सूप, डाळ उत्तीर्ण. पनीर काठावर. रोटी वेळेवर अवलंबून. स्टार्टर गैरहजर धरावा की उशिरा आलेला, यावर मतभेद. हंडी अनुत्तीर्ण, आणि तिला पुन्हा बसू द्यायचं नाही, असं भाचा सोडून सगळ्यांचं ठरलं. ठेचा स्पर्धेबाहेरचा, म्हणून त्याला उत्तेजनार्थ पहिलं बक्षीस.

काही आठवड्यांनी त्याच दारात पुन्हा गेलो, तर वहीवाल्या गृहस्थांच्या शेजारी नवा फळा होता. त्यावर रंगीत खडूने लिहिलेलं : ‘शेफ स्पेशल महाराजा ठेचा पनीर तडका – ३२०’. साडूभाऊ उजळले. ‘बघा, काकू, तुमच्यामुळे मेन्यूत आला!’ मी मनातल्या मनात शब्द मोजले आणि गप्प बसलो. जोडावर बसणाऱ्याचं कोण ऐकतं?

पाणी ठेवता ठेवता परभणीचा पोरगा आईच्या कानाशी वाकला. ‘आज्जी, ते नका मागवू,’ तो म्हणाला. ‘त्यात आता पांढरी ग्रेव्ही घालतेत.’